बिछायतवाल्याचा घसा बसला तेव्हा

देवळीला माझी बिछायत आहे, आणि त्या बिछायतीतला सगळ्यात जुना माल म्हणजे माझा आवाज. बांबू गेले, लोखंडी पाइप आले. गाद्या बदलल्या, कनातींचे रंग तर दर दोन सीझनला बदलतात. आवाज मात्र दुकान उघडलं तेव्हापासून तोच होता. गोदामाच्या दारात उभा राहून मी "मारोतीऽऽ" म्हटलं, की मारोती तर धावत यायचाच, पण बसस्टँडवरून यवतमाळला निघालेली गाडी थांबायची आणि कंडक्टर उतरून विचारायचा, "भाऊ, मले बोलावलं का?" नाचणगावच्या एका दूधवाल्यानं माझ्याकडे रीतसर तक्रार केली होती, की तुम्ही आमच्या गल्लीत मंडप बांधायला आले की माझ्या म्हशी दूध चोरतात. मी त्याला सांगितलं, "बाप्पा, लग्न दोन दिवसांचंच आहे. म्हशींनाही आमंत्रण समज."

यात थोडी भर असेल. पण थोडीच.

वरच्या मुलखातल्या वाचकांसाठी सांगतो. तुम्ही ज्याला मंडप डेकोरेटर म्हणता, त्याला आमच्याकडे बिछायतवाला म्हणतात. लग्न, बारसं, भागवत सप्ताह, प्रचारसभा, तेरवी, काहीही असो. चार माणसं आनंदात किंवा दुःखात एका जागी जमणार म्हटलं की त्यांना बसायला सतरंजी, डोक्यावर कापड, जेवायला ताट, स्वयंपाकाला गंज म्हणजे मोठाली पातेली, कढया, पराती आणि झारे लागतात. ते सगळं मी देतो. आणि मे महिना असेल, तर कूलर. कूलर म्हणजे आमच्या लग्नातला खरा नवरदेव. मुलगा उशिरा आला तर लोक त्याला माफ करतात, कूलर उशिरा आला तर सोयरीक हलते. देवळीतल्याच एका लग्नात मुलाचे मामा कूलरसमोर जे बसले ते मंगलाष्टकांना उठेचनात. शेवटी भटजींनी अंतरपाट कूलरपाशी आणला. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मामांनी बसूनच अक्षता टाकल्या, त्याही वाऱ्यानं उडून परत त्यांच्याच अंगावर पडल्या.

आता एवढा पसारा सांभाळायचा तर तो कुठे तरी मांडून ठेवलेला असेल, असं शहाण्या माणसाला वाटेल. होता ना. माझ्या डोक्यात. कोणाची कोणती तारीख, कोणाला किती ताटं, कोणत्या गावातून कोणती कढई यायची आहे, सगळं तिथे. बुकिंग मी चहाच्या टपरीवर घ्यायचो, एसटीत घ्यायचो, लोकांच्या मयतीतून परतताना घ्यायचो. एकदा दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं टाकून पडलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, "भाऊ, पुतणीचं लग्न आहे, मोकळे आहात ना?" मी "आं" म्हटलं. झालं बुकिंग! दाढ गेली, गिऱ्हाईक मिळालं.

लग्नसराईतली माझी सकाळ अशी असे. दोन कानांना दोन मोबाइल. समोर मारोती, तो माझा मुख्य माणूस, मंडपाच्या कामात माझ्याइतकाच जुना. त्याच्यामागे बाकीची माणसं रांगेत, रेशनच्या दुकानात असतात तशी.

"भाऊ, हे पराती कोण्या गाडीत टाकू?"

"पिवळ्या गाडीत टाक."

"पिवळी गाडी तं पुलगावले गेली."

"मग काऊन इचारतो बे?"

"तुम्हीच म्हनलं होतं, इचारल्याबिगर काई टाकू नको."

हे खरं होतं. मीच तसं सांगितलं होतं. कारण पूर्वी न विचारता टाकायचे तेव्हा मी ओरडायचो. मग विचारायला लागले तेव्हा विचारतात म्हणून ओरडायचो. दुपार होईपर्यंत माझं डोकं उकळत्या वरणाच्या गंजासारखं व्हायचं. बायकोला, शकुंतलेला, मी रोज सांगायचो, "जीव चालला माझा. एकट्यानं कुठं कुठं पाहू?" ती म्हणायची, "मंग दुसऱ्याले पाहू द्या." यावर मी जेवणाच्या ताटावरून उठायचो, कारण तेवढ्यात फोन यायचा. फोन आला नाही तर मी स्वतः कोणाला तरी लावायचो.

खरं सांगू का, त्या उकळण्याचीही एक चव होती. सारं गाव म्हणायचं, भाऊंशिवाय पान हलत नाही. मी वरून कण्हायचो आणि आतून फुगायचो.

नाचणगावची तेरवी ऐका. एकाच दिवशी तिथे एका म्हाताऱ्याची तेरवी होती आणि हिंगणघाटच्या रस्त्यावर एका मुलीचं लग्न होतं. मी गोदामाच्या दारातून दोन्ही गाड्यांना एकाच वेळी हुकूम दिले. परिणाम असा झाला, की पांढरी कनात आणि शांत सतरंज्या लग्नाला गेल्या; आणि तेरवीच्या दारात लुकलुकत्या दिव्यांची कमान उभी राहिली. वर 'सुस्वागतम', मध्ये दोन मोर, आणि बाजूला एक बदाम, ज्यात बाण आतबाहेर करत होता. मी पोचलो तेव्हा म्हाताऱ्याचा थोरला मुलगा, डोकं तासलेलं, त्या कमानीखाली उभा होता. मला वाटलं, आज मार खाऊन घरी जातो. तो म्हणाला, "भाऊ, राहू द्या. बापाची हौस होती लायटिंगची." मग हळूच म्हणाला, "फक्त तो बान बंद करता येते का पाहा."

दुसऱ्या कोणी त्यातून धडा घेतला असता. मी त्यातून किस्सा घेतला. लग्नवाल्यांची समजूत काढायला मी मोटारसायकलवर असा काही गेलो, की पुढे वर्षभर हेच सांगत होतो, बघा, मी होतो म्हणून निभावलं. घोळ घालणारा मीच होतो हा भाग सांगताना गळून जायचा.

मग एका उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, घसा बसला. आधी वाटलं थंड पाण्यानं असेल. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, कोणी तरी सांगितलं म्हणून एक रात्र गळ्याला फडकं बांधून झोपलो. आवाज दिवसेंदिवस असा झाला, की जणू सतरंजी झटकताना येते तशी धूळच तोंडातून निघत होती. शेवटी शकुंतलेनं मला ओढत वर्ध्याला नेलं. डॉक्टरबाईंनी नाकातून एक बारीक नळी घातली आणि पडद्यावर आतलं चित्र दाखवलं. दोन पट्ट्या आणि त्यांच्यावर गाठी.

मी बोटानंच विचारलं, हे काय?

"हे तुम्ही," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं ओरडलात त्याचे घट्टे पडलेत. आता पूर्ण मौन. बोलायचं नाही, आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही. मी सांगेन तोपर्यंत."

शकुंतला माझ्या वतीनं म्हणाली, "बाई, यायचा धंदाच ओरडाचा आहे. समजा एखादी हाक मारली तं?"

"एखादीच मारा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण पुढची मारायला आवाज उरेल याची हमी मी देत नाही."

परत येताना एसटीत मी गप्प बसलो होतो. शेजारचा म्हणाला, "भाऊ, घरी कोनाचं काई बरंवाईट झालं का?"

त्या पंधरवड्यातल्या मोठ्या तिथीला माझ्याकडे तीन लग्नं होती. त्यातलं एक वच्छलाबाईच्या मुलीचं. वच्छलाबाई शाळेत पोषण आहार शिजवते. नवरा गेलेला, मुलगी एकुलती एक. मुलाकडचे हिंगणघाटचे, माणसं वाईट नाहीत पण मानपानाला टोकदार. मुलीची पहिली सोयरीक साखरपुड्यातच मोडली होती, पाहुण्यांची नीट व्यवस्था झाली नाही एवढ्याच निमित्तानं. त्यामुळे वच्छलाबाईनं माझ्याकडे मंडप सांगताना एकच अट घातली होती, "भाऊ, तुम्ही सोता उभे राहाल तं मले झोप लागन."

माझ्या मौनाची बातमी गावात पसरली तशी ती आली. सोबत तिचा भाऊ होता. भाऊ दारातूनच म्हणाला, "आपुन पुलगावचा दुसरा बिछायतवाला पाहू. यायचा आवाजच गेला, आता काय खुना करून मंडप उभा करतीन?"

वच्छलाबाई माझ्याकडे वळली. "भाऊ, खरं सांगा. जमन ना? माह्या पोरीचं दुसऱ्यांदा नाई मोडलं पायजे."

मी छाती ठोकली. जोरात ठोकली, खोकला आला. तिचा भाऊ म्हणाला, "पाहा."

तिनं दोन दिवस मागितले. आणि नेमकी त्याच दिवशी माझी धाकटी बहीण मंगला मला बघायला आली.

मंगला वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होती, आता निवृत्त आहे. थिएटरात तिचा असा दरारा, की म्हणतात, तिला पाहून भूल द्यायच्या आधीच पेशंट झोपायचे. ती गोदामात आली तेव्हा मी एका रिकाम्या कूलरवर चढून हातवारे करत होतो. मी चार बोटं दाखवत होतो, म्हणजे चार कूलर. एकानं चार सोफे गाडीत चढवले होते, दुसऱ्यानं चार वाजता जायचं असं समजून पथारी टाकली होती, आणि मारोती हात जोडून म्हणत होता, "भाऊ, खाली उतरा. तुम्ही पडले तं पाचवं काम लागन."

मंगलानं प्लास्टिकची खुर्ची घेतली, स्टीलच्या ग्लासांची थप्पी ओढली आणि बसली. कोणी मला काही विचारायला आलं, की ती एक ग्लास काढून जमिनीवर मांडायची. कोणतं झाकण, कोणती गाडी, कोणाच्या गाद्या, कूलरचं स्टँड कुठे, प्रत्येकाला एक ग्लास. दुपारपर्यंत ग्लासांची ओळ गोदामातून निघून, दार ओलांडून, रस्त्यापर्यंत गेली. एक गाय येऊन पाणी आहे का बघून गेली.

"दादा," मंगला म्हणाली, "हे तुले सकाळपासून इचारलेले सवाल. यायले पानी भरलं तं एक वरात पिऊन जाईन. अन् जवळपास सारे एकच सवाल हायेत. कोन्तं सामान कोनाचं, अन् कुठी हाय. आमच्या टेबलावर डॉक्टरनं 'कैची कुठी हाय' असं इचारलं तं मले लाज वाटे. पेशंट पोट उघडं टाकून पडला हाय अन् हे कपाटं धुंडून राह्यले, चालन का?"

मी हातांनी सांगितलं, की लग्न म्हणजे ऑपरेशन नाही.

"नाईच," ती म्हणाली. "लग्नात भूल देता येत नाई. मंग तं तयारी जास्त पायजे."

मी मानेनं नाही म्हटलं. दोन्ही हातांनी नाही म्हटलं. पाय आपटला. पण तोंड बंद असलेल्या माणसाशी वाद घालणं किती सोपं असतं हे माझ्या बायकोला आणि बहिणीला त्याच दिवशी एकदम कळलं. दोघींनी माझ्यासमोरच सगळं ठरवलं आणि शेवटी मला विचारलं, "बरोबर ना?" मी उत्तर द्यायच्या आत म्हणाल्या, "हं, बरोबर."

त्यांनी केलं ते सांगायला अगदी साधं आहे, आणि साधं आहे म्हणूनच मला ते इतकी वर्षं सुचलं नाही. ऑपरेशनच्या आधी त्या एका ऑपरेशनला लागणारं सगळं एका ट्रेमध्ये मांडतात, तसं मंगलानं गोदामाच्या फरशीवर खडूनं चौकोन आखले. एक चौकोन म्हणजे एक लग्न. शकुंतलेनं तिच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्या केल्या. वच्छलाबाईचं लग्न लाल, दुसरं हिरवं, तिसरं निळं. लाल लग्नाला जाणारी प्रत्येक वस्तू, परातीच्या कानापासून कूलरच्या पायापर्यंत, लाल चिंधी बांधून लाल चौकोनात. गाडी दारात लागायच्या आदल्या दिवशी चौकोन भरलेला पाहिजे. चौकोनात जागा रिकामी दिसली, की काय कमी आहे ते आंधळ्यालाही दिसणार. माल परत आला की त्याच चौकोनात उतरवायचा. पुन्हा रिकामी जागा दिसली, की समजावं, पाहुण्यांबरोबर झारा गेला.

माणसांचंही तसंच. मंडपाचा प्रत्येक खांब कोणा ना कोणाच्या नावाचा. त्या खांबाचा दोर, त्याची खुंटी, त्याच्या बाजूची कनात, सगळं त्या माणसाचं. उभारताना त्याचं, उतरवताना त्याचं, आणि मधे काही झालं तरी त्याचंच. आणि सगळ्यात वरचा नियम मंगलानं मोठ्यानं सांगितला, "दादाले काईच इचाराचं नाई. चौकोनाले इचारा."

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई आली. कोणी काही समजावलं नाही, तिला नुसतं लाल चौकोनापुढे उभं केलं. तिची ताटं, तिच्या गाद्या, तिचे कूलर, मुलीच्या बसायच्या खुर्च्या, सगळं लाल चिंधी लावून तिच्यासमोर. तिनं एका कूलरला हात लावून पाहिला. मग भावाला म्हणाली, "पोरीचं लग्न तं इथी अर्धं लागून राह्यलं. चाल घरी."

तुम्हाला वाटेल मी खूश झालो. छे! मला घरात नव्या सुनेचं राज्य आलेल्या सासूसारखं वाटत होतं. गोदामात काम सुरू होतं, आणि कोणी माझ्याकडे बघतही नव्हतं. मी खुर्ची टाकून रांगेची वाट बघत बसलो. रांग आलीच नाही. माझे दोन्ही फोन शकुंतलेनं घेतले होते, आणि ती लोकांना इतकं थोडक्यात सांगायची, की मी फोन परत घ्यायला हात पुढे करायचो. मी एका फोनवर अर्धा तास घालवून जे ठरवायचो, ते ती भाजी निवडता निवडता ठरवत होती.

मग मी एक उद्योग केला. निळ्या लग्नाचा मालक आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "भाऊ, तुम्ही हाय म्हनून तुमच्याकडे आलो. बाकीचे काय कामाचे? दोन कूलर जास्तीचे पाठवजा." एवढ्या गोड बोलण्यावर मी विरघळलो. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा लाल चौकोनातले दोन कूलर ढकलत ढकलत निळ्यात नेले, घामाघूम झालो, चिंध्या बदलल्या. मालकपणाचं जुनं सुख क्षणभर परत आलं. मारोती परतला. लाल चौकोनातली रिकामी जागा त्याला दारातूनच दिसली.

"कोन हात लावला बे चौकोनाले?" तो गरजला. माझ्यासमोर मारोती पहिल्यांदा गरजत होता, आणि आवाज चांगला होता त्याचा, माझ्याच तालमीत तयार झालेला. "कोन्या गाढवानं केलं हे?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मला बोलायची बंदी होती, दुसरं काय करणार!

तिथीचा दिवस उजाडला. माझं दैव असं, की मंगलानं मला कामावर नाही तर लग्नाला पाठवलं, पाहुणा म्हणून. इस्त्रीचा सदरा घालून मी वच्छलाबाईच्या मंडपात गेलो. गोरज मुहूर्त होता. मंडप बघितला आणि वाईट वाटलं, कारण मंडप चांगला होता. कनातीला सुरकुती नाही, परत लालमध्ये आलेले ते दोन धरून सगळे कूलर सुरू, पाण्याचे जार भरलेले. हिंगणघाटची मंडळी आली, आणि त्यांच्यातले एक काका प्रत्येक गोष्टीला हात लावून बघत होते. पंखा किती जोरात आहे, गादी किती जाड आहे, गंजाला पोचा आहे का. वच्छलाबाई त्यांच्या मागे मागे, पदर दोन्ही हातांनी धरून. काकांनी एका ग्लासात वाकून पाहिलं तेव्हा तिनं पदर आणखी घट्ट आवळलेला मला दिसला.

आणि मग पश्चिमेकडे आभाळ मातकट झालं.

आमच्याकडे मे महिन्यात असं वादळ येतं, त्याला वावधन म्हणतात. पाऊस फार नसतो, नुसता वारा आणि धूळ, पण मंडपवाल्याचा जन्माचा वैरी तोच. वारा कनातीत शिरला, की मंडप शिडासारखा फुगतो आणि खांब जमिनीतून मुळ्यासारखे उपटून निघतात. मी ते एका लग्नात पाहिलेलं आहे. छत उडून शेजारच्या वावरात गेलं आणि खाली पंगत तशीच बसलेली, वरण वाढणारा वर बघत.

धुळीचा पहिला लोट गल्लीच्या टोकाला दिसला तेव्हा काका सोफ्यावर बसले होते, मुलगा घोड्यावरून उतरत होता, वच्छलाबाई आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. मंडप पडला असता तर तिचं काय झालं असतं, हे मला सांगायची गरज नव्हती. मी छाती भरून घेतली. डॉक्टरबाई, गाठी, पट्ट्या, काहीही आठवलं नाही. तोंड उघडलं. "मारोती" मधला म ओठांवर आला होता.

तेवढ्यात मला दिसलं, की मारोती त्याच्या खांबापाशी आहे.

नुसता मारोतीच नाही. प्रत्येक खांबापाशी ज्याचा तो माणूस. कोणी कोणाला काही म्हटलं नव्हतं. वाऱ्याच्या बाजूची कनात त्यांनी खालून सोडली आणि वर गुंडाळली, दुसऱ्या बाजूचीही गुंडाळली, म्हणजे वारा एका अंगानं यावा आणि दुसऱ्यानं निघून जावा. दोर मनगटाला वेढून जो तो आपल्या खुंटीवर पाय देऊन उभा राहिला. वावधन आलं, मंडपातून आगगाडीसारखं धडधडत गेलं, दोन-चार टोप्या घेऊन गेलं, आणि गेलं. कनाती परत खाली आल्या. एका बाईनं डोळ्यातली धूळ पुसली. भटजींनी समई पुन्हा लावली.

मी तोंड उघडं ठेवून उभा होतो. तेवढ्यात कोणी तरी त्यात पेढा घातला.

तो पेढा चघळताना मला जे कळलं, ते मी कोणाला सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतो. मी हाक मारली असती, तर ती सगळी माणसं दोर सोडून माझ्याकडे धावत आली असती. सवयच तशी लावली होती मी. माझ्याभोवती गोळा झाली असती, आणि मी त्यांना एकाच वेळी पाच हुकूम दिले असते, आणि मंडप पडला असता. मग मी त्यातून सगळ्यांना बाहेर काढलं असतं आणि जन्मभर सांगितलं असतं, मी होतो म्हणून निभावलं.

लग्न लागल्यावर वच्छलाबाई माझ्यापाशी आली. "भाऊ, मघा हवा आलती का वो जोराची? मी ताट घेऊन उभी होती, डोये मिटले. पन कोनी ओरडलंच नाई, तं मले वाटलं काईच नसन."

मी मानेनं सांगितलं, काहीच नव्हतं. पलीकडे हिंगणघाटचे काका कूलरसमोर घोरत होते. वच्छलाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मुठीत धरलेला पदर एकदाचा सोडला.

पुढे डॉक्टरबाईंनी पुन्हा नळी घातली आणि बोलायची परवानगी दिली. हळू, घरातल्यासारखं, अशा अटीवर. मी देवळीला उतरलो तो थेट गोदामात. तोंडात इतक्या दिवसांचं बोलणं साठलेलं, ट्रकभर. आत काम सुरू होतं. चौकोन भरत होते, चिंध्या बांधल्या जात होत्या. मारोती समोरच होता, म्हणून साध्या आवाजात म्हटलं, "मारोती."

तो दचकला. हातातली परात खाली ठेवली. "काय झालं भाऊ? असे हळू काऊन बोलून राह्यले? पुन्हा दुखून राह्यलं का?"

"नाही रे. असंच हाक मारली."

"असंच?" त्याला काही समजेना. इतक्या वर्षांत मी त्याला कामाशिवाय हाक मारलीच नव्हती. तो माझ्याजवळ गादीच्या गठ्ठ्यावर बसला. डोक्यावरचा दुपट्टा काढून घाम पुसला.

"भाऊ, एक सांगाचं होतं. पोरीचं जमलं. आर्वीकडचा पोरगा हाय."

"अरे वा! कधी जमलं?"

"झाले लय दिवस. तुमचा आवाज गेला त्याच्या आधीच. सांगीन सांगीन म्हनत होतो. पन तुम्ही नुसते बलावत होते, आयकत नोते."

मी दुकानाचा मालक, गावभर बोलणारा माणूस. त्या दिवशी गठ्ठ्यावर त्याच्या शेजारी बसलो आणि आर्वीच्या मुलाची सगळी हकिगत ऐकून घेतली.

"मंडप घरापुढेच टाकू," मी शेवटी म्हटलं. "सगळ्यात चांगली कनात काढ. आणि त्या दिवशी तू कामावर यायचं नाही. मुलीचा बाप आहेस, दारात उभा राहा."

"अन् मंग माहा खांब कोन धरन?"

"मी धरतो."

मारोतीनं माझ्या हातांकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, मग बराच वेळ छताकडे पाहिलं.

"भाऊ, तुमचं मन मोठं हाय," तो उठत म्हणाला, "पन पोरीचं लगन हाय. मंगलाबाईले इचारून सांगतो."